जावईबापूंचा विस्तव

विस्तवाजवळ बसलेल्या माणसाला सल्ला देण्याचा हक्क कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, पण आमच्या सिंदी रेल्वेत तो जन्मतःच मिळतो. शेकोटी असो, हुरडा असो, नाहीतर रोडग्यांचा जगरा असो, एक माणूस विस्तव सांभाळतो आणि बाकीचे त्याला सांगत असतात. "खालून काडी सरकव." "अबे, हवा कोंडून रायली नं!" "राख टाक, राख." सांगणाऱ्यांपैकी उठून काडी सरकवणारा कोणी नसतो. सांगायचं खातं वेगळं आणि करायचं खातं वेगळं. अशा गावात शेजारच्या काकाजींच्या जावयाने कोळशावरची अमेरिकन शेगडी आणली, आणि तिला आपोआप तापमान सांभाळणारा पंखा बसवायचं ठरवलं. म्हणजे सल्ला देणाऱ्या सगळ्या मंडळींच्या जागी एक डबी नेमायची होती. गावाने ही गोष्ट मनावर घेतली यात नवल नाही.

जावईबापू पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पुण्याहून सासरी येणारी माणसं बाकरवडी आणतात. यांनी गाडीच्या डिकीतून काळा, तुकतुकीत, तीन पायांचा, झाकणाचा एक गोळा काढून अंगणात ठेवला. आजींनी चष्मा पुसून तो पाहिला आणि विचारलं, "बंब हाय का?" तोटी दिसेना, तेव्हा बंब नाही असं ठरलं. यज्ञाचं कुंड, सोलरचं काहीतरी, असे अंदाज होत होत शेवटी 'मटनाची शेगडी' या नावावर एकमत झालं. मार्गशीर्ष चालू होता. त्यामुळे ती त्याच दिवशी गोणपाटाखाली गेली, जावई पुण्याला गेले, आणि पौष लागेपर्यंत तिच्यावर मांजर झोपत असे.

या शेगडीचा जन्म शिकागोकडचा. जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात होता. तिथे पत्र्याचे अर्धगोल जोडून पाण्यावर तरंगणारे बोये बनत. उघड्या शेगडीवर वारा आणि पाऊस मिळून मांसाची वाट लावतात, याला कंटाळून त्याने १९५२ साली एक बोया मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याला मूठ लावली. हे ऐकून काकाजी एकदम खूश झाले. कारण आमच्या सिंदीजवळ जवाहरलाल नेहरू बंदराचा ड्राय पोर्ट करायचं ठरलेलं आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आमच्याकडे पिकतो तो कापूस, सोयाबीन आणि तूर, पण बंदर आमचं. काकाजी म्हणाले, "बंदर मंजूर हाय, बोयाही येऊन पडला. आता पानी तेवढं पाह्यजे."

शेगडीचं सगळं मर्म तिच्या झाकणात आहे. खाली कोळसा, वर जाळी, तळाला हवा आत येण्याची भोकं, झाकणाला धूर बाहेर जाण्याचं भोक. कोळसा किती आहे यावर आच ठरत नाही, त्याला हवा किती मिळते यावर ठरते. भोकं उघडली की आच वाढते, मिटली की मंदावते. गणित सोपं आहे, पण ते सुटेपर्यंत कोणीतरी तिथे बसून राहावं लागतं. अमेरिकेत मांसाचा मोठा गड्डा मंद आचेवर दहा-बारा तास ठेवतात. इतका वेळ एकशे दहा अंशांच्या आसपास राहिलं की मांसातले चिवट धागे विरघळतात आणि ते बोटाने सुटतं. तिकडची माणसं हे तास हातात बिअर धरून काढतात. वर्धा जिल्हा दारूबंदीचा. त्यामुळे तेवढा वेळ विस्तवाकडे पाहत कसा काढायचा, हा प्रश्न आमच्याकडे निदान अधिकृतपणे तरी उरतो.

त्यावर तोड म्हणजे तो पंखा. कॉम्प्युटरमध्ये असतो तसा तळहाताएवढा, बारा व्होल्टचा. जाळीवर, मांसाशेजारी, तापमान मोजणारी सळई चिमट्याने अडकवायची. सळईची तार पंखा चालवणाऱ्या डबीत. डबीला सांगायचं, एकशे दहा. तापमान खाली आलं की डबी पंखा फिरवते, कोळशाला हवा मिळते, आच वाढते. आकडा गाठला की पंखा थांबतो. दुसरी सळई मांसात खुपसायची, म्हणजे आतलं किती शिजलं तेही कळतं. हे सगळं मोबाइलवर दिसतं. पौषात परत आल्यावर जावईबापूंनी हे समजावून सांगितलं तेव्हा सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "मंग माणसानं कराचं काय?" जावयाला उलट प्रश्न विचारायची पद्धत नाही, म्हणून तो त्यांनी भिंतीला विचारला होता.

सामान कुरियरने यायचं होतं. ते आधी सिंदी मेघेला गेलं. वर्ध्याला लागून सिंदी मेघे आहे, नागपूरच्या वाटेवर सिंदी रेल्वे आहे, आणि पत्त्यातला कंस हा शोभेसाठी असतो अशी कुरियरवाल्यांची समजूत आहे. डबी मेघ्यांच्या सिंदीत दोन-चार दिवस पाहुणचार घेऊन आली. चालू केली तर पडद्यावर फॅरनहाइट. जावयांनी नेहमीचा आकडा लावला, २२५. काकाजी चपापले. "माणूस १०४ ले बडबडाले लागते, बापू. हे २२५!" मग सेटिंगमध्ये जाऊन सेल्सिअस केलं, तेव्हा आकडा १०७ वर उतरला आणि घरच्यांना हायसं वाटलं. मे महिन्यात शेगडी न पेटवताही आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. उरलेल्या साठ अंशांसाठी इतका खटाटोप, असाही एक सूर निघाला.

आता पंखा बसवायचा कुठे? शेगडीच्या तळाशी भोकं होती, पण त्यांच्याखाली राखेचं ताट. म्हणजे कुशीत नवं भोक पाडणं आलं. पत्र्यावर काचेसारखा मुलामा असतो. ड्रिल जोरात चालवलं की त्याचे टवके उडतात आणि तिथून गंज धरतो. जावईबापूंनी व्हिडिओ पाहून सगळं टिपून आणलं होतं. आमचा लोहार ते टिपण ऐकून घेत होता. सिंदीचा तान्हा पोळा नावाजलेला आहे. माणसापेक्षा उंच लाकडी नंदी चाकांवर निघतात, त्यांच्या चाकांच्या धावा आणि आस इथल्याच हातांनी होतात. अशा गावच्या लोहाराला भोक कसं पाडायचं ते मोबाइल सांगत होता. त्याने टिपण संपू दिलं. मग चिकटपट्टीचा फुलीसारखा तुकडा पत्र्यावर लावला, पायऱ्यापायऱ्यांचं शंकूसारखं ड्रिल चढवलं, आणि मशीन एवढं हळू चालवलं की पोट्ट्यांना फेरे मोजता आले असते. एकही टवका उडाला नाही. भोकात लोखंडी नळीचा वीतभर तुकडा बसवला, पंखा नळीच्या टोकाला. पंखा थेट पत्र्याला लावला तर प्लॅस्टिक वितळून जातं. फटी बुजवायला मोटारसायकलच्या इंजिनला लावतात ते लाल सिलिकॉन वापरलं, ते तापलेल्या पत्र्यावर टिकतं.

काम झाल्यावर लोहाराने आपल्या भट्टीकडे बोट दाखवलं. तिथेही पंखाच होता. त्याच्या आजाच्या वेळी कातडी भाता होता, आता विजेचा ब्लोअर, आणि ब्लोअरला घरातल्या छताच्या पंख्याचा रेग्युलेटर. लोखंड लाल हवं तर तीनवर, पिवळं हवं तर पाचवर. "हे कोन पाह्यते?" जावयांनी विचारलं. लोहार म्हणाला, "मी पाह्यतो नं." मग त्याने नळी हातात घेऊन एक प्रश्न केला. "पंखा बंद असन तवा हवा थांबते का?" जावईबापू गप्प झाले. थांबलेल्या पंख्याच्या पात्यांमधून हवा खुशाल आत जाते, झाकणाचं धुराडं तिला ओढून घेतं, आणि पंखा बंद असूनही आच चढत राहते. त्यासाठी नळीत एक हलकी झडप लागते, पंखा फिरला की उघडणारी, थांबला की पडणारी. ती किटमध्ये होती, पण पाकिटातच राहिली होती. लोहाराने ती पाच मिनिटांत बसवली. भोकाचे पैसे घेतले, झडपेचे घेतले नाहीत.

इथे या पंख्याचा स्वभाव सांगून ठेवायला हवा, कारण जाहिरातीत तो सांगत नाहीत. पंखा आच वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. आच एकदा वर गेली की त्याच्या हातात काही नसतं, तो नुसता थांबून राहतो. म्हणून ठरवलेल्या आकड्याकडे खालून, सावकाश जायचं असतं. आणि शेगडीला इतर कुठून हवा मिळता कामा नये. झाकण जरा जरी वाकडं बसलं तरी डबीचं राज्य संपलं.

या डबीचा पूर्वज चारशे वर्षांपूर्वीचा आहे. कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये अंडी उबवायची एक भट्टी केली होती. भट्टीत काचेची नळी, तिच्यात मद्यार्क आणि पारा. भट्टी तापली की मद्यार्क फुगायचा, पारा ढकलायचा, पाऱ्यावरची काडी वर सरकायची आणि हवेची झडप मिटायची. भट्टी निवली की उलटं. वीज नाही, मोबाइल नाही, आणि तोही आमच्या लोहारासारखा झडपेपासूनच सुरू झाला होता.

डबीच्या आतलं डोकं मात्र जहाजावरून आलं. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की नावाच्या इंजिनिअरने अमेरिकन आरमारासाठी जहाज आपोआप सरळ चालवण्याचं गणित मांडलं. त्यासाठी तो काय करत होता, तर सुकाणू धरणाऱ्या खलाशाकडे पाहत बसला होता. त्याच्या ध्यानात आलं की हा माणूस आत्ता जहाज किती वळलंय एवढंच पाहत नाही. ते किती वेळापासून भरकटतंय हे तो लक्षात ठेवतो, आणि कुठल्या वेगाने वळतंय त्यावरून पुढचाही अंदाज बांधतो. आत्ताचं, मागचं आणि पुढचं. याला इंजिनिअर लोक पी, आय आणि डी म्हणतात. ही तीन अक्षरं जावईबापूंनी अंगणात काडीने मातीवर लिहून दाखवली, आणि पुसायच्या आत त्यांच्यावरून कोंबडी गेली.

पौषातला रविवार ठरला. आमच्याकडे मटण अंगणातच होतं, भांडीही वेगळी आणि रांधणारे पुरुष, त्यामुळे शेगडीला जागेची अडचण नव्हती. अडचण खाटकाकडे आली. मागची तंगडी अख्खी हवी म्हटल्यावर त्याने सुरा खाली ठेवला. "तुकडे कितीक?" एकही नाही. "घरी करता का?" नाही. त्याने बांधून दिलं, पण गिऱ्हाईक दुसऱ्याकडे चाललंय असा चेहरा केला. कोळसा इस्त्रीवाल्याचा, बाभळीचा, एक तुकडा मुठीएवढा तर दुसरा सुपारीएवढा. अमेरिकेत यासाठी साच्यातल्या एकसारख्या वड्या मिळतात. मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून अशा वड्या करायचा कारखाना खुद्द हेन्री फोर्डने काढला होता. त्या वड्या कडेकडेने कमानीत रचून एका टोकाला पेटवल्या की विस्तव तासन् तास हळूहळू पुढे सरकतो. आमचा कोळसा रचून घेत नव्हता. तो ठिणग्याही उडवत होता.

सासूबाईंनी यंत्रावर विसंबायचं नाही असं ठरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गोवऱ्यांचा जगरा लावला होता. जाडसर कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मटण खाणारे असोत, न खाणारे असोत, उपाशी कोणी राहणार नव्हतं.

सकाळी शेगडी लागली, आकडा हळूहळू १०७ वर आला आणि तिथे थांबला. पंखा मध्येच गुरगुरायचा, मध्येच गप्प. जावईबापू खुर्चीवर बसून मोबाइलकडे पाहू लागले. सल्ला द्यायला आलेली मंडळी बेकार झाली. काय सांगणार? काडी सरकव म्हणावं तर काडी नाही. राख टाक म्हणावं तर राख झाकणाखाली. शिवाय जावयाच्या विस्तवाबद्दल बोलणार कोण? शेवटी त्यांनी आपला एकच हक्क वापरला. झाकण उघडून पाहिलं.

झाकण उघडलं की सळईला गार हवा लागते आणि आकडा धाडकन पडतो. डबीला वाटतं विस्तव विझला. ती पंखा पूर्ण सोडते. त्यात झाकण उघडं, म्हणजे कोळशाला वरूनही हवा. आय नावाच्या अक्षरात सगळं मागचं साठत जातं. झाकण लागल्यावरही डबीचा राग उतरत नाही आणि पंखा फिरतच राहतो. आकडा १४० वर गेला. आता तो खाली आणायला वाट पाहण्याशिवाय इलाज नव्हता, आणि वाट पाहत असताना काकाजींचे मोठे भाऊ आले. त्यांनी विचारलं, "काय हाय आतमंदी?" आणि झाकण उघडलं. चांगल्या डब्यांना झाकण उघडल्याचं कळतं, त्या पंखा आवरून धरतात. या डबीला ते उशिरा कळत होतं, आणि एका पाहुण्यानंतर लगेच दुसरा येतो हे तर तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. मोबाइलवर 'झाकण उघडे आहे' अशी सूचना येत राहिली. झाकण उघडणाऱ्यांपैकी कोणाच्या मोबाइलवर ती जात नव्हती.

मग लाइट गेली. सगळे एकदम उभे राहिले. पंखा थांबला, झडप पडली, हवा बंद झाली, विस्तव निमूटपणे मंद होऊ लागला. काही भडकलं नाही, काही जळलं नाही. काकाजींना हे फार आवडलं. "मालक मेला तं हेही झोपते. गरीब हाय." मोटारसायकलची बॅटरी काढून जोडली आणि पंखा पुन्हा गुरगुरला.

दुपारी मांसातला आकडा ६८ वर येऊन अडकला. तास झाला, हलेना. शेगडीत १०७, मांसात ६८. जावईबापू डबीवर संशय घेऊ लागले. त्यांनी सळई बदलली, तरी तेच. वास्तविक यंत्रात काही बिघाड नसतो. मांसातलं पाणी बाहेर येऊन वाफ होतं, आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातं. जितकी आच आत जाते तितकी वाफेबरोबर बाहेर जाते. हे जावयांनी सांगितलं आणि काकाजी म्हणाले, "अजी मंग हे कूलरच झालं नं." वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला कूलर शिकवावा लागत नाही. ओल्या ताट्यांतून वारा आला की खोली गार होते हे तो जाणतो, आणि पावसाळ्यात तोच कूलर कुचकामी ठरतो हेही जाणतो, कारण हवेत आधीच ओल असते, पाणी उडत नाही. काकाजींनी तिथल्या तिथे पुढचं पाऊल सांगितलं. "तंगडीले पावसाळा आना. गुंडाळून टाका." अमेरिकेतले पट्टीचे लोकही हेच करतात, अॅल्युमिनियमच्या कागदात मांस गुंडाळतात. गुंडाळलं आणि आकडा चढू लागला.

तिकडे सासूबाई जगऱ्यापाशी बसल्या होत्या. त्यांच्याकडे सळई नव्हती, चिमटा होता. गोवऱ्यांच्या लाल थरावर रोडगे मांडलेले. एका बाजूला आच जास्त दिसली की त्या चिमूटभर राख टाकायच्या आणि तिथला लाल रंग मावळायचा. राख म्हणजे झडपच, फक्त ती वरून पडते. मग त्या हात वर धरून थांबायच्या. मध्येच म्हणाल्या, "हा कोपरा मघापासून थंडच हाय," आणि तिथली राख काडीने बाजूला केली. पुन्हा म्हणाल्या, "हे भराभर लाल होऊन रायलं, आताच दाबा लागन." आत्ताचं, मागचं, पुढचं. मिनोर्स्कीला जहाजावर जायची गरज नव्हती. तो वर्ध्याची गाडी पकडून सिंदीला उतरला असता तरी चाललं असतं.

हे मी कौतुकाने म्हणतोय असं समजू नका. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांचं जेवण सगळ्यांत शेवटी झालं. याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. तिथून 'मगन चूल' नावाची कमी धुराची चूल निघाली, ती बाईच्या डोळ्यांतला धूर कमी व्हावा म्हणून. चुलीपाशी बसणाऱ्या माणसाला उठता यावं, यात वाईट काय आहे? जावईबापूंच्या डबीवर मी एवढ्यासाठी हसणार नाही. मी हसलो ते वेगळ्या कारणाने. पंखा असल्यामुळे जावयाला शेगडीपाशी बसायची गरज नव्हती, आणि दिवसभर तिथून न उठलेला अंगणातला तो एकटा माणूस होता. ज्यांना उठायची खरी गरज होती त्यांच्या जगऱ्याला पंखा लावायचं कोणाच्या मनात आलं नाही.

संध्याकाळी तंगडी निघाली. खरं सांगायचं तर उत्तम झाली होती. हाड नुसतं ओढलं आणि निघून आलं. पण सिंदीच्या जिभेला मटण म्हटलं की तर्री लागते. काकाजींच्या भावाने पहिला घास खाल्ला, मान डोलावली आणि विचारलं, "रस्सा?" रस्सा नव्हता. सुटलेलं मांस सासूबाईंनी न बोलता पातेल्यात घेतलं, मसाल्यात परतलं, पाणी घातलं, उकळी आणली. वर लाल तेल आलं तेव्हा जेवण सुरू झालं. जावईबापूंनीही तेच खाल्लं, रोडगा कुस्करून, वर तूप घेऊन.

दुसऱ्या दिवशी शेगडीत रोडगे करून पाहिले. १०७ वर ते दिवसभर पांढरेफटक बसून राहिले. दोनशेवर नेले तर भाजले, चांगले भाजले, पण गोवरीचा वास नाही. सासूबाईंनी एक फोडून पाहिला आणि मांजराला दिला. मांजराने खाल्ला.

ज्यांना हा पंखा लावायचाच आहे त्यांच्यासाठी. मटणाला तो उपयोगी आहे, रोडग्यांना नाही. पंखा मागवण्याआधी शेगडी रिकामी पेटवा, खालची भोकं मिटा आणि झाकणाच्या कडेने धूर निघतो का ते पाहा. निघत असेल तर आधी झाकण नीट करा, पंख्याचे पैसे वाचतील. झडप पाकिटात ठेवू नका. पाहुणे येणार असतील तर झाकणाची मूठ काढून खिशात ठेवा. आणि कोळसा आणायला गेलात तर इस्त्रीवाल्याला यंत्राचं काही सांगू नका. आमच्या इस्त्रीवाल्याने पुढच्या पोत्याला भाव वाढवला आहे.